दिव्याची उंची

फवाऱ्याची बाटली समीक्षाच्या हातात तशीच राहिली. सरड्याच्या डोक्यावरच्या तुऱ्यासारख्या टोपाला, उजव्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढी जागा फिकी पडली होती. बाकी सगळा सरडा हिरवागार, अंगावर पिवळे पट्टे, आणि तेवढीच जागा दुधात पाणी घातल्यासारखी. ती वाकली. रंग बदलतो तेव्हा याचं सगळं अंग बदलतं, पट्टे हळूहळू पुसट होतात. इथे पट्टा त्या जागेपाशी येऊन तुटला होता आणि पलीकडून पुन्हा सुरू झाला होता. हा रंग नव्हता. भाजलं होतं. तिने वर बघितलं. दिवा पिंजऱ्याच्या वरच्या जाळीला टेकायचाच बाकी होता. काल सकाळी तिने साखळी वर घेऊन आकड्यात अडकवली होती, आणि ती कंपनीत गेल्यावर सासऱ्यांनी, आबांनी, ती पुन्हा खाली सोडली होती. सांगून सांगून तोंड दुखलं, तरी यांनी केलंच! तिचा हात साखळीकडे गेला. आकडा काढायचा, दोन-चार कड्या वर घ्यायच्या, बस्स, मिनिटाचं काम. हात साखळीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ही जागा उद्या राखाडी होणार आणि परवा काळी. फिकं दिसायला नजर तयार असावी लागते, काळं कुणालाही दिसतं. आबांनाही दिसेल. तिने हात खाली घेतला, पानांवर दोन फवारे मारले, आणि डबा उचलून चौक फाट्याला कंपनीची बस पकडायला निघाली.

हा सरडा जितेशने आणला, तिच्या नवऱ्याने. जितेश कळंबला बंगल्यांची कामं बघतो, कुणाची मोटर, कुणाचं वायरिंग. तिथल्या एका बंगल्याच्या मालकाचा मुलगा विपुल शिकायला परदेशी निघाला, आणि जाताना पिंजरा, दिवा, फांदी आणि हे जनावर जितेशच्या इको गाडीत घालून मोकळा झाला. 'कॅमेलियन आहे, बाहेरच्या देशातला. दिवा वर ठेवा, पाणी फवारा, बाकी तो आपलं आपण बघतो,' एवढंच बोलला. आपलं आपण बघतो म्हणे! सासू इंदूबाई पदर नाकाला लावून दारातच उभ्या राहिल्या. "अरं, लोकं घरात गाय आणतात, कुत्रा आणतात. तू सरडा आणलास?" आबाजी मात्र ओटीवरून उठून आले. मागची कोंबड्यांची शेड बंद पडल्यापासून ते ओटीवर नुसते बसून असायचे, समोरून जाणारी वाहनं बघत. त्यांनी पिंजऱ्यात डोकावून बघितलं. सरड्याचा एक डोळा त्यांच्याकडे वळला आणि दुसरा भिंतीकडेच राहिला, तेव्हा ते मोठ्याने हसले. समीक्षाने त्यांना तसं हसताना या घरात आल्यापासून बघितलं नव्हतं. आठवड्याभरात पिंजरा त्यांच्या खाटेजवळ गेला. गुडघे दुखत असताना ते बांधावर जाऊन नाकतोडे धरायला लागले. सरड्याला ते पिल्लू म्हणायचे. "माझं पिल्लू उठलं का? माझ्या पिल्लानं खाल्लं का?" आपल्या मुलाला त्यांनी कधी अशी हाक मारली असेल असं वाटत नाही.

आबांची एक विद्या होती, आणि ती खोटी नव्हती, हे समीक्षालाही मान्य होतं. उभा जन्म त्यांनी दिव्याखाली पिल्लं वाढवली. एका दिवसाची पिल्लं खोक्यांतून यायची, तुसावर सोडायची, वर दिवा टांगायचा. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली की त्यांना थंडी वाजते, दिवा खाली घ्यायचा. लांब भिंतीला जाऊन लागली की उकडतंय, दिवा वर न्यायचा. शेडभर पसरून दाणे टिपायला लागली की बरोबर. थर्मामीटर त्यांनी कधी वापरला नाही. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस यायचा तोही म्हणायचा, आबाजींच्या शेडात मर नसते. "पिल्लाला शिकवावं लागत नाय. त्याला बरोबर समजतं. आपुन नुसतं बघायचं," असं ते सगळ्यांना सांगायचे. आता ते या सरड्याकडे तसंच बघत होते. थंडीचे दिवस, माथेरानच्या डोंगरावरून सकाळी गार वारा खाली उतरतो, सरडा दिव्याखाली जाऊन बसायचा आणि बसूनच राहायचा. हलत नाय म्हणजे ऊब लागत नाय. आबा असं म्हणाले की झालं, साखळी एक कडी खाली. समीक्षाने मोबाइलवर वाचलं होतं, व्हिडिओ बघितले होते, कंपनीतल्या चहाच्या सुट्टीत दुसरं करायचं काय. याची कातडी आधी भाजते आणि पोट मागाहून गरम होतं. आतून गार असेपर्यंत हा दिव्याखालून हलत नाही, वरून जळत असला तरी नाही. कोंबडीचं पिल्लू पळतं, हा बसतो. आबांना जी थंडीची खूण वाटत होती, तीच याच्या भाजण्याची होती.

तिने सांगितलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. गेल्या रविवारी शेजारची दोन म्हातारी माणसं ओटीवर चहाला बसली होती, तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं. "आबा, दिवा त्याच्या डोक्यापासून वीतभर तरी लांब पाहिजे. जाळीवर ठेवायचा नाही, सरडा जाळीला लोंबकळतो. आपल्या हाताची मागची बाजू त्याच्या टोपाच्या उंचीला धरून बघायची. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतोय. आणि तो वाढतोय, टोप उंच होतोय, तर वरची फांदी खाली घ्यायला हवी." आबांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "ऐका! ही आता मला दिव्याखालचं शिकवणार. उद्या कोंबडीला अंडं कसं घालायचं ते सांगंल." म्हातारे हसले. इंदूबाई आतून हसल्या. जितेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तोही हसला, आणि हसताना त्याने तिच्याकडे बघितलं, म्हणजे तिनेही हसावं म्हणून. ती हसली. सूनबाईला हसावं लागतंच. आत जाऊन तिने कपबशा धुतल्या, आणि एक कप इतका घासला की कान तुटून हातात आला.

बसमध्ये खिडकीशी बसून ती स्वतःशी भांडत राहिली. मी काय केलं? काहीच नाही केलं. दिवा कुणी खाली घेतला? त्यांनी. सांगितलं कुणी? मी. मग माझ्याकडे कसलं बोट दाखवता? बोट कुणी दाखवत नव्हतं, बसमधली अर्धी माणसं झोपली होती. हलत नाय म्हणजे ऊब लागत नाय. हे वाक्य तिने सरड्यामुळे पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, ती पनवेलच्या दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली होती. मुलगी दोन दिवस जगली. नाव ठेवायचंही राहिलं. इंदूबाईंनी तिचं डोकं फडक्याने बांधलं, कान झाकले, तिला आतल्या खोलीत बाजेवर निजवलं आणि खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. मूल नसलं तरी बाळंतीण ती बाळंतीण, शेक द्यायलाच हवा. सासरा बाळंतिणीच्या खोलीत येत नाही. आबा ओटीवर बसून भिंतीपलीकडून विचारायचे, "हलते का गं ती?" इंदूबाई म्हणायच्या, "नाय हलत." "कूस तरी बदलते का?" "नाय." "मग थंडी भरलीय अंगात. शेगडी वर घ्या. निखारे घाला अजून." आणि इंदूबाई दोन विटा ठेवून शेगडी उंच करायच्या. काळजीनेच बोलत होते, तेच तर. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवी परत तरी देता येते. समीक्षा हलत नव्हती, कारण हलून जायचं कुठे? पाळणा नव्हता, पान्ह्याने चोळी भिजत होती आणि प्यायला कुणी नव्हतं. पाठीला लागत होतं, ते तिला कळत होतं आणि नव्हतंही. दुसरीकडे कुणाचं तरी दुखत असावं तसं. ओव्याच्या धुरात मग एक वेगळा वास आला. तिला वाटलं, दूध उतू गेलं.

सुती झंपर पाठीला चिकटलं तेव्हा इंदूबाईंनी बघितलं. कातडं आधी पांढरं होतं, मग काळं झालं, मग सालपट निघालं. इंदूबाईंनी खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, "पडतो एखादा डाग. माझ्या बी हाय कमरंला. बोलू नको कुणाला, ह्यांना वाईट वाटंल." ह्यांना वाईट वाटेल! म्हणून सहा वर्षं ती बोलली नाही. खांद्याच्या खाली हाताच्या पंजाएवढी जागा अजून तशीच आहे, गुळगुळीत आणि ताणलेली, ब्लाउजचा हूक तिथे टोचतो. जितेशचा हात एकदा तिथे अडला होता. "हे काय गं?" "भाजलं होतं." "कधी?" ती सांगायला लागली, शेगडी, विटा, आबांचं ओटीवरून विचारणं, आणि सांगता सांगता तिला त्याचा श्वास जड झालेला ऐकू आला. झोपला होता. माणूस थकून येतो, त्याचं तरी काय चुकलं. या घरात कुणाचंच काही चुकत नाही, हाच तर वैताग होता. सासऱ्याला पाठ दाखवता येत नाही. सरड्याचा डाग दाखवता येणार होता. बस रसायनीच्या कमानीशी वळली आणि नेहमीचा तो आंबट उग्र वास आत आला, तेव्हा तिला आपण मनातल्या मनात हसतोय हे कळलं आणि तिने तोंडावर ओढणी घेतली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आबा पिंजऱ्यासमोर पाटावर बसले होते. चिमटीत नाकतोडा धरून त्यांनी हात आत घातला होता. एरवी सरडा लांबून जीभ फेकायचा, टप्प, आणि आबा दर वेळी "आय शाब्बास!" म्हणायचे. आज त्याने जीभ फेकली नाही. नाकतोडा पाय झाडत राहिला. "भूक नाय वाटतं," आबा म्हणाले, आणि मग थोडे मागे सरून, मान तिरकी करून, डोळे बारीक करून बघत राहिले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन होळीनंतर करू म्हणून ते पुढे ढकलत होते. "पोरी, जरा इकडं ये गं. ह्याच्या टोपाजवळ पांढरं दिसतंय का तुला? का माझ्या डोळ्याचं हाय?" खांद्यावरची पर्स न काढताच ती जवळ गेली. वाकली. नखाएवढी जागा आता रुपयाएवढी झाली होती, कडा आवळून सुरकुतल्या होत्या. आबा सरड्याकडे नव्हे, तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना तिच्याकडून काही विचारून घ्यायची सवय नव्हती, त्यामुळे विचारतानाचा तो चेहरा तिला नवीन होता. जरासा लाजलेला. आता सांगावं, असं तिला वाटलं नाही असं नाही. अगदी ओठांवर आलं. पण त्या चेहऱ्यामागे तिला रविवारचा चेहरा दिसला, मिशी पुसणारा. अजून एक दिवस, मग ही लाज खरी होईल. "मला नाही बाई काही दिसत," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्याचं असेल, आबा."

त्या संध्याकाळी तिचा हात फार चालला. भाकऱ्या एकूण एक फुगल्या. इंदूबाईंच्या पायाला तिने आपण होऊन तेल चोळलं. जितेश म्हणाला, "आज खुशीत दिसतेस," ती म्हणाली, "का, दिसू नको?" आबा जेवताना भाकरीचा पापुद्रा काढत होते आणि पिंजऱ्याकडे बघत होते. समीक्षाने त्यांना आग्रह करून आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्याकडे गेली नाही. "आई, तेवढं पाणी मारा ना, मला उशीर होतोय," असं सांगून ती निघाली, आणि इंदूबाई मागून करवादल्या, "मी बरी त्या ध्यानाला पाणी मारीन!" कंपनीच्या लॅबमध्ये हॉट प्लेटवर फ्लास्क ठेवताना तिने उगाचच हाताची मागची बाजू वर धरली. किती वेळ धरवतो ते बघू म्हणून. फार वेळ धरवला नाही. हात झटकून तिने नळाखाली धरला, आणि पाणी वाहत असताना तिला पिंजऱ्यावरचा दिवा आठवला. फोन करायचा. इंदूबाईंना नुसतं म्हणायचं, दिवा बंद करा. एवढंच म्हणायचं, कारणही सांगायचं नाही. तिने मोबाइल काढला, नंबरही लावला, आणि घंटा वाजायच्या आत कापला. एका दिवसाने काय होतंय? व्हिडिओत सांगतात, वरवरचं भाजणं भरून येतं, मलम लावायचं, दिवा लांब करायचा, कात टाकली की जागा साफ. उद्या काळं दिसलं की लगेच डॉक्टरकडे न्यायचा. मरायला तो काय मरतोय. आणि उद्या काय बोलायचं ते तिने जुळवायला घेतलं. 'आबा, हलत नाही म्हणजे थंडी वाजते असं नसतं. कधीकधी जळत असलं तरी हलता येत नाही.' नको, हे फार पुस्तकी होतंय. 'बघा आबा, तुमच्या दिव्याने काय केलं ते.' हे बरं. आणि त्यानंतर, सगळे गप्प झाल्यावर, 'माझी पाठ पण अशीच झाली होती. आईंना विचारा.' कशीही सुरुवात केली तरी वाक्य शेवटी इथेच येऊन पोचायचं. इथे आलं की तिच्या छातीतून एक मोठा श्वास बाहेर जायचा. शेजारची मुलगी म्हणाली, समीक्षाताई, रीडिंग लिहून घ्या ना, रंग निघून जाईल. घरी पोचली तेव्हा पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं होतं. "लवकर निजलं आज पिल्लू," आबा म्हणाले, "दुपारी लय ऊब दिली त्याला." गोणपाट उचलून बघायची तिची छाती झाली नाही. झोपू दे, असं ती स्वतःला म्हणाली.

सकाळी तिनेच गोणपाट काढलं. सरडा फांदीवर नव्हता, खाली कोपऱ्यात होता. तिने मागितलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त झालं होतं. अर्धा टोप काळा, कोळशासारखा खडबडीत, आणि ते काळं उतरत उजव्या डोळ्यापर्यंत आलं होतं. तो डोळा बंद होता, सुजून बाहेर आलेला. पुढच्या पंज्यांची बोटं आत वळून चिकटली होती. हे कसं झालं, एवढं कसं झालं, असं मनात आलं, पण ते नंतर. खोटं कशाला बोला, आधी मनात आनंदच उसळला. "आबा! इकडे या. आई, तुम्हीपण या. अहो, या सगळे." सगळे आले. इंदूबाईंनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "रंग बदलला मेल्यानं. सरडाच तो, आणखी काय करणार?" जितेश तोंडात ब्रश धरून हसला, फेस हनुवटीवर ओघळला. "रंग नाही तो," समीक्षा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "भाजलाय. बोट लावून बघा, आबा. लावा ना बोट." आबांनी दार उघडलं आणि बोट त्या काळ्यावर टेकवलं. सरड्याने तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, आणि त्यातून आवाज काहीच आला नाही. आबांनी बोट मागे घेतलं आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग भिंतीला धरून ते खाली बसले, गुडघे वाकत नसताना जमिनीवर बसले. "हे मी केलं?" ते म्हणाले. हाच तो क्षण. कालपासून जुळवलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण खाली बसलेल्या माणसाला कसं बोलायचं, आणि शिवाय डॉक्टर सांगेल तेव्हा जास्त लागेल, असं तिने मनाशी ठरवलं. "पनवेलला न्यायला हवा," ती म्हणाली. "आणि तुम्ही पण चला, आबा. दिवा कसा ठेवला होता ते डॉक्टरला तुम्हीच सांगा."

पनवेलची डॉक्टर वयाने लहान होती, समीक्षाएवढीच. तिने सरड्याला टेबलावर फडक्यात ठेवलं, कापसाने एक कड पुसली आणि पंज्यांची बोटं तपासली. मग बोलली ते कुणाला रागावून नव्हे, सवयीने. आधी जागा फिकी पडते, दोन दिवसांनी काळी होते. फिकी असताना दिवा काढला, मलम लावलं, तर बहुतेक वेळा भरून येतं. हे हाडापर्यंत गेलंय. "पण एवढं नुसतं जाळीवरच्या दिव्याने होत नाही. बोटं पण भाजलीत. गरम वस्तूला धरून बसला होता हा. दिवा आत होता का?" समीक्षा म्हणाली, "नाही, बाहेर होता." आबा म्हणाले, "आत व्हता." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. "काल दुपारी मी वरची जाळी काढली नि दिवा आत टांगला. तो जाऊन दिव्याला बिलगला. दोन्ही हातांनी. मला वाटलं, आता बरं वाटतंय त्याला." डॉक्टरने विचारलं, "पण आदल्या दिवशी फिकट डाग दिसला असणार ना? घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" खोलीत एक पंखा फिरत होता, एवढ्या थंडीत. समीक्षाचे कान तापले. आबा आता सांगणार, मी हिला विचारलं होतं. सांगू देत. तिने टेबलाची कड धरली. "मला दिसला व्हता," आबा म्हणाले. "म्हटलं, थंडीनं पांढरा पडला. म्हणून तर दिवा आत घेतला. आमची सूनबाई सांगत व्हती, दिवा वर घ्या, वीतभर लांब ठेवा. शिकलेली हाय ती. मीच ऐकलं नाय. माझी चूक हाय." सहा वर्षं तिला हेच ऐकायचं होतं, याच माणसाच्या तोंडून, चारचौघांत. ते ऐकून आपल्याला काय वाटतंय याची ती वाट बघत राहिली. तिला एवढंच दिसत होतं की परवा संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा ती हो म्हणाली असती, तर जाळी निघाली नसती. डोळ्याचं असेल, आबा. दुसऱ्या दिवशी डाग वाढलेला बघून त्यांना कळलं असणार की तो डोळ्याचा नाही, आणि भाजल्याचा असता तर ती बोलली असती, मग राहिलं काय, थंडीच. तिनेच त्यांच्या हाताने तो दिवा आत टांगला होता.

"वाचंल का?" आबांनी विचारलं. डॉक्टरने नाही म्हणून मान हलवली. जीभ नेमकी फेकायला याला दोन्ही डोळे लागतात, आता हा खाऊ शकणार नाही, नुसता दुखत राहील. त्यापेक्षा इंजेक्शन बरं. जितेश म्हणाला, "देऊन टाका," आणि बाहेर जाऊन उभा राहिला. आबांनी सरड्याला आपल्या तळहातावर घेतलं. इंजेक्शन देऊन डॉक्टर सुई बाहेर काढत असताना त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, माझा हात लय गरम नाय ना?" डॉक्टर म्हणाली, नाही हो. सरड्याने चांगल्या डोळ्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा समीक्षाकडे बघितलं, की नुसताच डोळा फिरला, कोण जाणे. मग तो हळूहळू तपकिरी झाला.

परतताना जितेश गाडी चालवत होता, मागे समीक्षा आणि आबा, मध्ये पुठ्ठ्याचा खोका. शेडुंग गेलं. डावीकडे प्रबळगडाचा डोंगर उन्हात स्वच्छ दिसत होता. आबा खिडकीबाहेर बघत बोलले, आवाज इतका खाली की पुढे ऐकू जाऊ नये.

"मी तुला इचारलं व्हतं."

तिने आरशात जितेशकडे बघितलं.

"तू वाकून बघितलंस. माझे डोळे गेले तरी तुझे नाय गेले. मी तुझ्या तोंडाकडंच बघत व्हतो. तुझ्या तोंडावर आलेलं नि तू गिळलंस. तवा मला वाटलं, हिनं खोटं कशाला बोलावं? सरड्यापायी कोण खोटं बोलतं?"

"आबा..."

"राग माझ्यावर व्हता ना? मग मला डागायचं व्हतंस गं. त्यानं तुझं काय केलं व्हतं?"

रस्त्याला खड्डा आला, खोका उडाला, दोघांनी एकदम हात पुढे केले आणि दोघांचे हात खोक्यावर आले. आबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे मान वळवली.

"कशाचा राग, ते तरी सांग. मला खरंच म्हाईत नाय."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. जुळवून ठेवलेलं वाक्य तिच्याकडे होतं, शेगडीसकट, विटांसकट, इंदूबाईंना विचारा इथपर्यंत. विचारणारा माणूसही समोर होता, ऐकायला तयार. तिने तोंड उघडलं. पण आता ते वाक्य बोललं असतं तर ते खोक्यातल्या मरणाची सबब ठरलं असतं. पाठीचं मोकळेपणी सांगायची तेवढी एकच वेळ तिच्याकडे होती आणि ती तिने या जनावरावर खर्च केली होती.

"काही नाही, आबा," ती म्हणाली. "राग कसला? राग नव्हता."

आबांनी तिच्या हाताखालून खोका काढून आपल्या मांडीवर घेतला.

"मग तर लय वाईट," ते म्हणाले.